मेसा : खालून, वरून आणि कडेतून

अमेरिकेच्या नैऋत्य भागाचा नकाशा उघडला की एक शब्द जागोजागी भेटतो : मेसा. ग्रँड मेसा, मेसा व्हर्डी, ब्लॅक मेसा, होपी लोकांच्या फर्स्ट, सेकंड आणि थर्ड मेसा, आणि ॲरिझोनात तर मेसा नावाचं अख्खं शहर. माथा सपाट, कडा उभ्या आणि आजूबाजूच्या मुलखापासून सुटा झालेला डोंगर म्हणजे मेसा. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा रोजचा अर्थ टेबल. सप्टेंबरच्या शेवटी डेन्व्हरहून निघून आम्ही कोलोरॅडोतली ग्रँड मेसा, मग मेसा व्हर्डी आणि शेवटी न्यू मेक्सिकोतलं ॲकोमा असा मोठा फेरा केला. सोबत नवरा आणि वाईहून आलेले बाबा. बाबांची हयात गडकिल्ले हिंडण्यात गेली; आता गुडघे कुरकुरतात, पण डोंगर बघायची नजर तीच आहे. आई-वडिलांना घेऊन इकडे येणारे पुष्कळ असतात, म्हणून सत्तरीच्या माणसाला कुठे काय जमतं तेही लिहिते.

आधी शब्दाबद्दल. लॅटिनमधल्या ‘मेन्सा’चा स्पॅनिशमध्ये येताना न् गळला आणि ‘मेसा’ झाला. ‘मेन्सिस’ म्हणजे महिना, त्याचा ‘मेस’ झाला तसाच. खुद्द स्पेनमध्येही हा शब्द जमिनीला लागतो. माद्रिदच्या दक्षिणेला ओकान्याची मेसा आहे आणि देशाच्या मधल्या विस्तीर्ण पठाराला मेसेता म्हणतात. तिथून हा शब्द मेक्सिकोत आला आणि मेक्सिकोतून उत्तरेला सरकला. १८४८ साली मेक्सिकोबरोबरचं युद्ध संपलं, हा सगळा प्रदेश अमेरिकेच्या ताब्यात गेला आणि पाठोपाठ मोजणीदार, भूवैज्ञानिक आले. इथल्या कोरड्या, चिरफाळलेल्या जमिनीसाठी त्यांच्या इंग्रजीत नेमके शब्द नव्हते. कॅन्यन, अरोयो, मेसा हे शब्द स्थानिक लोकांच्या तोंडी होतेच. ते त्यांनी उचलले आणि आज भूगोलाच्या पुस्तकात ते जगभर चालतात.

मराठी माणसाला इथे मेज आठवणारच. आपले कोश मेज फारसीतून आलं असं सांगतात. गोव्यातले पोर्तुगीज टेबलाला मेझा म्हणायचे. आवाज जुळतो म्हणून मी घाईने सोयरीक जमवणार नाही. पण पाचगणीच्या माथ्याला इंग्रजांनी टेबल लँड म्हटलं आणि त्यांच्याही आधी कोलोरॅडोतल्या डोंगराला स्पॅनिश माणसाने मेसा म्हटलं, हे मात्र एकाच नजरेतून आलेलं आहे. खालून जाणाऱ्या माणसाला डोंगराची वरची रेघ सरळ दिसते, आणि तो तिला नाव देऊन पुढे जातो. वर काय आहे ते त्या नावात नसतं. हे मला या प्रवासात तीनदा, तीन वेगळ्या तऱ्हांनी दिसलं.

ग्रँड मेसा

डेन्व्हरहून ग्रँड जंक्शन आय-७० या महामार्गाने चार-साडेचार तासांवर आहे. वाटेत ग्लेनवुड कॅन्यन लागतो. तिथे पाऊस किंवा दरड यामुळे रस्ता बंद होतो, तेव्हा निघण्यापूर्वी राज्याच्या रस्तेविभागाचं संकेतस्थळ पाहावं. ग्रँड जंक्शनच्या अलीकडे पॅलिसेड हे पीचच्या बागांचं गाव आहे. ऑगस्ट ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर ताजे पीच मिळतात.

ग्रँड मेसा गावातून दिसते तीच मुळी क्षितिजासारखी. माथा साधारण पाचशे चौरस मैलांचा आणि उंची दहा हजार फुटांच्या वर. सपाट माथ्याचा जगातला सर्वांत मोठा डोंगर म्हणून तिची ख्याती सांगतात. वर जाण्यासाठी आय-७० सोडून हायवे ६५ धरायचा. आधी शेलचे, म्हणजे चिकणमातीच्या ठिसूळ खडकाचे ओसाड, पिवळट उतार, मग ओकची झुडपं, मग ॲस्पेन, आणि माथ्यावर स्प्रूसचं गच्च जंगल. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ॲस्पेनची पानं पिवळीधमक झालेली असतात. जुलैत येणाऱ्यांना इथले डास फार छळतात. सप्टेंबरात ते नसतात. माथ्यावर तीनशेच्या वर तळी आहेत, त्यामुळे डासांचं नवल नाही.

बाबांना मात्र तळ्यांपेक्षा दगडात रस होता. हायवे ६५ वरून पश्चिमेला लँड्स एंडकडे दहा-अकरा मैलांचा खडीचा रस्ता जातो. साध्या गाडीने जाता येतं, पाऊस झालेला नसावा एवढंच. टोकाला १९३० च्या दशकात बांधलेली दगडी इमारत आहे आणि पुढे एकदम कडा. खाली ग्रँड जंक्शनचं खोरं, पलीकडे युटाच्या दिशेने पसरलेला लाल मुलूख. कड्याच्या कडेशी ढासळलेल्या काळ्या धोंड्यांचा घसारा आहे. बाबा त्यातल्या एका धोंड्यापाशी खाली बसले आणि बोटाने त्यातली बारीक भोकं चाचपू लागले. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे ते बुडबुडे. “अगं, हा तर आपलाच काळा पाषाण,” ते म्हणाले. तो बेसॉल्टच होता.

आपला दख्खनचा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. ग्रँड मेसाचा सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे त्या मानाने कालचा. लाव्हा वाहत आला तो सखल भागात साचला आणि कठीण झाला. आजूबाजूची उंच जमीन मऊ गाळाच्या खडकाची होती. ती पावसापाण्याने आणि नद्यांनी झिजून गेली. लाव्ह्याच्या झाकणाखालची जमीन तेवढी वाचली. म्हणजे आपण आज ज्या माथ्यावर उभे राहतो तो एके काळचा सखल भाग आहे. मेसा अशीच घडते : वर कठीण थर, खाली ठिसूळ थर. खालचा थर झिजतो, वरचा आधार सुटून कडेने कोसळतो आणि कडा उभीच्या उभी मागे सरकत राहते. माथ्याची रुंदी उंचीपेक्षा कमी झाली की त्याला ब्यूट म्हणतात, हा शब्द फ्रेंचांकडून आलेला.

इथे येणाऱ्यांना एकच आग्रहाचं सांगणं : भारतातून विमानाने उतरून दुसऱ्या दिवशी वडीलधाऱ्यांना दहा हजार फुटांवर आणू नका. डेन्व्हर स्वतः पाच हजार फुटांवर आहे. तिथे निदान दोन रात्री काढा, पाणी भरपूर प्या, आणि रक्तदाबाच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधी विचारून घ्या. ग्रँड मेसावर मुक्कामाची गरज नाही. सकाळी चढायचं, तळ्याकाठी जेवायचं, तिसऱ्या प्रहरी दक्षिणेला सीडरएजकडे उतरायचं. चालायची हौस असेल तर क्रॅग क्रेस्टची वाट आहे. पूर्ण फेरी दहा मैलांची आणि धारेवरची आहे. दुपारच्या विजांपूर्वी खाली यायला हवं.

दक्षिणेकडे

डेल्टा, माँट्रोझ, रिजवे. रिजवेला दोन वाटा फुटतात. हायवे ५५० यूरे, सिल्व्हरटनवरून ड्युरँगोला जातो. देखणा आहे, पण रेड माउंटनच्या घाटात कित्येक ठिकाणी दरीच्या बाजूला कठडा नाही. आम्ही हायवे ६२ आणि १४५ घेतला : टेल्युराइडजवळून, लिझर्ड हेडच्या खिंडीतून, डोलोरेस नदीच्या काठाने थेट कॉर्टेझ. घाटाची भीती वाटणाऱ्यांनी हाच घ्यावा. डोलोरेस गावाजवळचं कॅन्यन्स ऑफ द एन्शंट्सचं संग्रहालय चुकवू नका. १७७६ च्या ऑगस्टमध्ये दोमिंगेझ आणि एस्कालांते हे दोन फ्रान्सिस्कन पाद्री कॅलिफोर्नियाची वाट शोधत इथून गेले, आणि नदीकाठच्या एका जुन्या वस्तीचे अवशेष त्यांनी टिपून ठेवले. संग्रहालयाच्या आवारातच टेकडीवर असे अवशेष आहेत, चढ सोपा आहे.

मुक्काम कॉर्टेझला केला. तिथून मेसा व्हर्डी राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशद्वार दहा मैलांवर. उद्यानातही राहण्याची सोय आहे, फार व्ह्यू लॉज आणि मोरफील्डचा तंबूतळ; रात्रीचं आकाश बघायचं असेल तर तिथेच राहावं, २०२१ मध्ये या उद्यानाला अंधाऱ्या आकाशाचं मानांकन मिळालं आहे.

मेसा व्हर्डी

मेसा व्हर्डी म्हणजे हिरवं टेबल. जुनिपर आणि पिन्यन पाइनच्या खुरट्या झाडांनी माथा खरंच हिरवा दिसतो, जिथे वणव्यांनी मोठाले पट्टे खाऊन टाकले आहेत ते सोडून. १९९६, २००० आणि २००२ च्या आगीतली काळी खोडं अजून उभी आहेत.

गंमत म्हणजे भूविज्ञानाच्या हिशेबाने ही मेसा नाहीच. उद्यानाचे लोकच हे सांगतात. माथा सपाट नसून दक्षिणेला सुमारे सात अंशांनी कललेला आहे. अशा एका बाजूने कडा आणि दुसऱ्या बाजूने मंद उताराच्या डोंगराला क्वेस्ता म्हणतात. हाही स्पॅनिशच शब्द, अर्थ चढ. मूळ लॅटिन ‘कोस्ता’, म्हणजे बरगडी, बाजू. उत्तरेकडून, मँकोसच्या खोऱ्यातून येणाऱ्याला समोर फक्त उभा कडा आणि वरची सरळ रेघ दिसते. कल दिसण्यासाठी वर जावं लागतं.

वर गेल्यावर तो पार्क पॉइंटवरून दिसतो. ८,५७२ फुटांची ही उद्यानातली सर्वांत उंच जागा. गाडीतळापासून थोडंसंच चालायचं आहे, बाबा सहज गेले. उत्तरेला एकदम तुटलेला कडा, आणि दक्षिणेला जमीन हळूहळू उतरत न्यू मेक्सिकोत जाते. उतरताना ती लांब लांब दऱ्यांनी चिरली गेली आहे, आणि दोन दऱ्यांमधल्या प्रत्येक पट्टीला पुन्हा मेसा म्हणतात : चेपिन मेसा, वेदरिल मेसा.

हा कल फक्त भूवैज्ञानिकांच्या कामाचा नाही. दक्षिणेकडे कललेल्या जमिनीवर ऊन जास्त पडतं आणि गार हवा दऱ्यांत उतरून जाते, त्यामुळे मक्याला लागणारे थंडीविरहित दिवस इथे मिळतात. वाऱ्याने वाहून आणलेली तांबडी, बारीक माती माथ्यावर साठली आहे. ती पाणी धरून ठेवते. या भागातले मूळ रहिवासी असलेल्या प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी इसवी सनाच्या सहाव्या शतकापासून या मातीत मका, घेवडा आणि भोपळा पिकवला. ओघळींत ओळीने दगडी बांध घातले, म्हणजे माती अडेल, ओल राहील. आपल्या माणदेशातल्या ताली ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे बांध समजावून सांगावे लागत नाहीत. जवळजवळ सहाशे वर्षं ही माणसं मुख्यतः माथ्यावरच राहिली. कड्याच्या कपारींतली प्रसिद्ध घरं शेवटच्या शंभरेक वर्षांतली, बहुतेक तेराव्या शतकातली. १३०० च्या सुमारास सगळे दक्षिणेकडे निघून गेले. झाडांच्या वर्षवलयांवरून १२७६ ते १२९९ असा दीर्घ दुष्काळ दिसतो. इतर कारणंही असतील.

त्यांना अनासाझी म्हणण्याची जुनी पद्धत होती. तो शेजारच्या नावाहो जमातीच्या भाषेतला शब्द आहे आणि प्युब्लो लोकांना तो आवडत नाही. इथले मार्गदर्शक तो वापरत नाहीत, आपणही वापरू नये.

कपारीतली घरं दुरून बघायची असतील तर तिकीट लागत नाही. सन टेंपलच्या आवारातून दरीपलीकडे क्लिफ पॅलेस समोरासमोर दिसतो, दुपारनंतर उजेड चांगला पडतो. स्क्वेअर टॉवर हाउसचा दर्शनबिंदूही थोड्या चालीवर आहे. ज्यांना शिड्या झेपत नाहीत त्यांनी मेसा टॉप लूपची सहा मैलांची गाडीफेरी करावी. जमिनीतल्या खड्डाघरांपासून कड्यातल्या वस्तीपर्यंतचा क्रम तिथे नीट कळतो, आणि माझ्या मते हा क्रम कळल्याशिवाय क्लिफ पॅलेस बघण्यात अर्थ नाही. स्प्रूस ट्री हाउस दरडींच्या भीतीमुळे २०१५ पासून बंद आहे.

आत जायचं तर रेंजरबरोबरच, म्हणजे उद्यानाच्या कर्मचाऱ्याबरोबर, तिकीट काढून. क्लिफ पॅलेसला सुमारे दीडशे खोल्या आणि तेवीस किव्हा आहेत. किव्हा म्हणजे जमिनीत उतरवलेली गोल, विधींची आणि एकत्र जमण्याची खोली. तिथे ओबडधोबड पायऱ्या आणि आठ-दहा फुटांच्या काही शिड्या आहेत. बाल्कनी हाउसची बत्तीस फुटी लाकडी शिडी आणि अठरा इंच रुंदीचं, रांगत जायचं भुयार, हे उंचीची किंवा कोंदट, अरुंद जागेची भीती असलेल्यांसाठी नाही. बाबा तिथे आले नाहीत आणि ते योग्यच झालं. त्यांच्यासाठी आम्ही वेदरिल मेसावरचं लाँग हाउस निवडलं. चाल दोनेक मैलांची आहे, शिड्या आहेत पण बाल्कनी हाउसच्या मानाने लहान, गर्दी कमी, आणि रेंजरला बोलायला वेळ असतो. वेदरिलचा रस्ता साधारण मे ते ऑक्टोबर एवढाच उघडा असतो आणि वळणावळणांचा आहे, चेपिनकडून तासभर धरा.

किल्ल्यावर गेलं की बाबांचा पहिला प्रश्न ठरलेला : पाणी कुठं? लाँग हाउसमध्ये त्याचं उत्तर कपारीच्या अगदी मागे, छत जिथे जमिनीला टेकतं तिथे आहे. वरचा खडक वालुकाश्म, खालचा शेल. माथ्यावर पडलेलं पाणी, वितळलेलं बर्फ वालुकाश्मातून झिरपत खाली येतं, शेलपाशी अडतं आणि आडवं होऊन कड्यातून बाहेर पडतं. तेच पाणी वालुकाश्माचे कण धरून ठेवणारा चुना विरघळवतं, हिवाळ्यात गोठून फुगतं, मग खडकाच्या चिपा सुटतात. अशाने हजारो वर्षांत कपार तयार झाली. घराला छप्पर दिलं त्या पाण्यानेच, आणि प्यायलाही तेच. लाँग हाउसच्या मागच्या भिंतीशी कातळात ठोकून केलेल्या छोट्या वाट्या आहेत, आणि थेंब थेंब पाणी त्यांत यावं म्हणून बोटाएवढ्या रुंदीच्या पन्हाळी. कडांना दगडाने टोचल्याच्या खुणा अजून दिसतात. बाबा उकिडवे बसून बराच वेळ त्या पन्हाळी बघत होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारांवरही जांभ्याच्या थराखालून असेच झरे फुटतात, खडक वेगळे, रीत तीच; हे त्यांनी रेंजरला सांगितलं आणि मी इंग्रजीत केलं. रेंजरने आणखी एक जागा दाखवली : दोन दगडांमधल्या चिखलाच्या लिंपणात उमटलेले बोटांचे ठसे, आठशे वर्षांपूर्वीचे. बोटं बारीक आहेत. तिथे हात लावायचा नाही. भिंतींना टेकायचं, बसायचंही नाही.

या घरांची जाहिरात जगभर झाली ती १८ डिसेंबर १८८८ नंतर, गुरांच्या शोधात निघालेल्या रिचर्ड वेदरिल आणि चार्ली मेसन यांना बर्फात पलीकडून क्लिफ पॅलेस दिसल्यावर. इथल्या यूट जमातीच्या लोकांना ही घरं आधीपासून माहीत होती. मग वस्तू उकरून नेण्याचा सपाटा लागला. १८९१ मध्ये गुस्ताफ नोर्देनशेल्ड या स्वीडिश तरुणाने इथे पद्धतशीर उत्खनन केलं, पण नेलेला साठा फिनलंडच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेला. त्यातले मानवी अवशेष आणि सोबतच्या वस्तू २०२० मध्ये परत आल्या आणि पुन्हा पुरल्या गेल्या. १९०६ च्या जूनमध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९७८ मध्ये जागतिक वारसा. उद्यानाच्या दक्षिणेला यूट माउंटन यूट जमातीची भूमी आहे आणि तिथेही कड्यातली घरं आहेत; जमातीचे मार्गदर्शक नोंदणी करून नेतात. गर्दी नको असलेल्यांनी त्यांच्याकडे चौकशी करावी.

काही व्यवहाराच्या गोष्टी. दारापासून चेपिन मेसापर्यंत पाऊण तास लागतो, सगळा रस्ता वळणांचा. तिकिटाची वेळ गाठायची तर दीड तास आधी दारातून आत या. फोनची रेंज भरवशाची नाही, तिकीट आधीच फोनवर उतरवून ठेवा. सावली कमी, हवा कोरडी, म्हणून माणशी दोन-तीन लिटर पाणी बरोबर हवं. २०२६ पासून राष्ट्रीय उद्यानांच्या वार्षिक पासचे दर अमेरिकेत राहणाऱ्यांना वेगळे आणि परदेशी पाहुण्यांना वेगळे आहेत, तेव्हा आई-वडील बरोबर असतील तर हिशेब आधी करा. शाकाहारींनी कॉर्टेझपासून पुढे एक प्रश्न तोंडपाठ ठेवावा : घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी आहे का? न्यू मेक्सिकोतल्या हिरव्या मिरचीच्या रश्शातही पुष्कळदा मांस असतं. आमच्या डब्यात दशम्या आणि मेतकूट होतं, त्याचा फार उपयोग झाला.

ॲकोमा

कॉर्टेझहून हायवे ४९१ ने शिपरॉक, गॅलप आणि मग आय-४० ने पूर्वेला. चार-पाच तासांचा, बराचसा नावाहो प्रदेशातून जाणारा रस्ता. पेट्रोल शिपरॉकला भरून घ्यावं. ॲकोमा आल्बुकर्कीच्या पश्चिमेला साठेक मैलांवर आहे.

हायवे सोडून दक्षिणेला वळल्यावर दरी उघडते आणि तिच्या तळातून वालुकाश्माचे सुळके आणि मेसा उभ्या दिसतात. ॲकोमाची मेसा सुमारे ३६५ फूट उंच, चारी बाजूंनी तुटलेली. माथ्यावर मातीच्या आणि दगडाच्या दोन-तीन मजली घरांचं गाव. गावाचं स्वतःचं नाव हाकू. अमेरिकेतल्या सलग वस्ती असलेल्या सर्वांत जुन्या गावांत त्याची गणना होते, आणि मेसा व्हर्डीशी पूर्वजांचं नातं सांगणाऱ्या जमातींत ॲकोमाचे लोकही आहेत. म्हणून हा क्रम मला आवडला : आधी सोडून गेलेली घरं, मग नांदतं गाव.

व्याख्येप्रमाणे मेसा म्हणावी ती हीच. पण सोळाव्या शतकात आलेल्या स्पॅनिश लोकांनी ॲकोमाला मेसा म्हटलं नाही, पेन्योल म्हटलं, म्हणजे उभा खडक, दुर्ग. कललेल्या डोंगराला टेबल आणि खऱ्या टेबलाला खडक! कारण ॲकोमाकडे त्यांनी सैनिकाच्या डोळ्यांनी पाहिलं. १५४० मध्ये कोरोनाडो या स्पॅनिश सरदाराच्या मोहिमेतली तुकडी इथे पोचली. त्या मोहिमेतल्या कास्तान्येदाने नंतर लिहून ठेवलं आहे : आधी दोनशे रुंद पायऱ्या, मग शंभर अरुंद, आणि शेवटी तीन पुरुष उंचीचा कातळ, तिथे पायाची बोटं रोवण्यापुरत्या खोबण्या. माथ्यावर बर्फ आणि पाणी साठवायच्या टाक्या असल्याचीही नोंद त्याने केली. हे वर्णन वाचलेला कुठलाही दुर्गवेडा मराठी माणूस इथे आल्याशिवाय राहणार नाही.

पुढचं वाचणं कठीण आहे. १५९८ च्या डिसेंबरात ओन्याते या स्पॅनिश गव्हर्नराच्या वसाहतीतला अधिकारी हुआन दे साल्दिव्हार आणि त्याचे सोबती ॲकोमावर मारले गेले. १५९९ च्या जानेवारीत त्याच्या भावाने सैन्य घेऊन गाव जाळलं, शेकडो माणसं मारली. जिवंत धरलेल्यांना वीस वर्षांच्या गुलामीची शिक्षा झाली आणि पंचविशीवरच्या पुरुषांचा एक पाय तोडण्याचा हुकूम निघाला. ओन्यातेवर १६१४ मध्ये या क्रौर्याबद्दल दोष ठेवून त्याला न्यू मेक्सिकोतून हद्दपार केलं गेलं. गाव पुन्हा उभं राहिलं. आमच्या मार्गदर्शक बाई ॲकोमाच्याच. हे सगळं त्यांनी चर्चच्या दारात उभं राहून, तारखांसकट, आवाज न चढवता सांगितलं. ते सान एस्तेबानचं चर्च १६२९ ते १६४१ मध्ये बांधलं. त्याच्या तुळया वीस-तीस मैलांवरच्या माउंट टेलरवरून खांद्यावर आणल्या, दफनभूमीसाठी मातीसुद्धा खालून वाहून आणली. कोणाच्या खांद्यावर, हे विचारावं लागत नाही.

माथ्यावर आजही नळ नाही, विजेच्या तारा नाहीत. कायम राहणारी कुटुंबं थोडी. बाकीचे खालच्या गावांत राहतात आणि सणांना वर येतात. कातळातलं नैसर्गिक टाकं घरांच्या मधोमध आहे. बाबांनी मार्गदर्शक बाईंना विचारलं, हे कधी आटतं का. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी बाबांना विचारलं की तुम्ही कुठले, तुमच्याकडे पाऊस कसा असतो. आणि त्या दोघांचं पुढचं बोलणं पाणी साठवण्यावर इतकं रंगलं की बाकीचा गट थोडा पुढे जाऊन थांबला.

इथे जाताना लक्षात ठेवायचं : खालच्या सांस्कृतिक केंद्रातून मार्गदर्शकाबरोबरच वर जाता येतं, बसने. सण-विधींच्या दिवशी गाव पाहुण्यांना बंद असतं, तेव्हा त्यांचं दिनदर्शक निघण्याच्या दिवशीही पुन्हा पाहा. फोटोला परवाना लागतो, व्हिडिओ चालत नाही. चर्चच्या आत आणि दफनभूमीत कॅमेरा बाहेर काढायचा नाही, माणसांचा फोटो विचारल्याशिवाय नाही, किव्हाच्या शिडीला हात नाही. परतताना बसऐवजी जुन्या दगडी जिन्याने उतरता येतं. खोबण्यांत बोटं बसतात तिथे कातळ गुळगुळीत झाला आहे. बाबा उतरले, माझ्या नवऱ्याला पुढे आणि मला मागे ठेवून. गुडघे चांगले नसतील तर बसनेच या.

दारादारांत मडकी विकायला ठेवलेली असतात. पांढऱ्या लेपावर काळ्या बारीक रेघा, भिंत इतकी पातळ की टिचकी मारली तर खणखणते. हाताने मातीच्या वळ्या रचून केलेलं आहे की साच्यातलं तयार भांडं आणून रंगवलेलं, हे विचारा. करणाऱ्या बाया खरं सांगतात, आणि किमतीतला फरक त्याचा असतो. तिथे घासाघीस करू नये.

ॲकोमापासून ईशान्येला थोड्याच अंतरावर कात्झिमो आहे, स्पॅनिशमध्ये मेसा एन्कांतादा, मंतरलेली मेसा. ॲकोमाच्या आठवणीत त्यांचं जुनं गाव तिच्यावर होतं आणि वादळाने वाट तुटली. तिच्यावर चढायला बंदी आहे. ती खालूनच बघायची.

परतीला आल्बुकर्कीहून आय-२५ ने डेन्व्हर साडेसहा-सात तास. वेळ कमी असेल तर ग्रँड मेसा सोडा, आल्बुकर्कीलाच विमानाने उतरा, एक सकाळ ॲकोमाला द्या आणि मेसा व्हर्डीजवळ किमान दोन रात्री राहा. लँड्स एंडचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो आणि मेसा व्हर्डीचे आतले दौरे साधारण मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतच असतात, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत येणाऱ्यांना कपारी पलीकडूनच बघाव्या लागतील. दौऱ्यांची तिकिटं सरकारी आरक्षणस्थळावर चौदा दिवस आधी, डेन्व्हरच्या सकाळी आठ वाजता उघडतात आणि क्लिफ पॅलेसची लगेच संपतात. भारतातून काढणार असाल तर तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. खातं आधी उघडून, कार्डाचे तपशील भरून तयार बसा.